हॅल्वरला न केलेला फोन

हॅल्वर लोकेन विक्रीकराची नोंदणी करायला माझ्या खिडकीशी आला, तेव्हा मी त्याच्यावर एकोणीस वर्षं डूख धरून होते. लोक म्हणतात, काळ गेला की राग निवतो. कॉफी निवते. माझा राग मी रोज सकाळी पुन्हा चुलीवर चढवत आले होते, आणि त्याची मला लाजबीज काही वाटत नाही.

आमचं स्लेट हार्बर बाराशे माणसांचं गाव. बाहेर जायचं तर फेरीबोट नाहीतर सीप्लेन. अलास्कात राज्य विक्रीकर घेत नाही, तो ज्या त्या गावाने आपापला घ्यायचा. आमचा शंभराला सहा, पावापासून बंदुकीच्या गोळ्यांपर्यंत सगळ्यावर. त्यामुळे इथे कोणाला घरची चार अंडी जरी विकायची झाली, तरी आधी पालिकेत येऊन अर्ज भरायचा, दाखला घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला दिसेल असा भिंतीवर टांगायचा. मग दर तिमाहीला, ती संपल्यावर महिन्याभरात, विक्रीचं विवरण. काहीच विकलं नसेल तर शून्य लिहून द्यायचं, पण द्यायचं. ज्याचं आलं नाही त्याचं नाव त्याच्या पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला पोस्टाबाहेरच्या फळ्यावर लागतं. आमच्याकडे टपाल घरपोच येत नाही, ते आणायला सगळं गाव रोज पोस्टात जातं. तेव्हा त्या फळ्यावर नाव लागलं की ते कोणी पाहिलं नसेल अशी आशाच नको.

त्या फळ्यावर माझ्या आईचं नाव लागलं होतं. रॅग्ना ट्वेट.

आईची धक्क्यावर खिडकी होती. दुकान म्हणण्याइतकी जागा नव्हती, नुसती खिडकी. पहाटे मासेमारीला निघणाऱ्यांना ती गरम वाफल, म्हणजे साच्यात भाजलेली गोड जाळीदार धिरडी, आणि कॉफी द्यायची, बारा महिने, हिवाळ्यातसुद्धा. कराचे पैसे ती वेगळ्या डब्यात टाकायची आणि म्हणायची, हे माझे नाहीत, गावाचे आहेत, मी फक्त सांभाळतेय. घरात नाणं कमी पडलं तर ती शेजारणीकडून उसनं आणायची, पण त्या डब्याला हात लावायची नाही. अशी बाई.

एका ऑक्टोबरात तिच्या छातीत गाठ निघाली आणि मी तिला सिअ‍ॅटलला घेऊन गेले. पाच महिने आम्ही तिथेच होतो. खिडकी बंद, विक्री शून्य. जानेवारी संपेपर्यंत शून्य लिहून पाठवायला हवं होतं. तिला ते कुठून आठवणार, बाई ओकाऱ्या काढत होती. मला आठवायला हवं होतं. मलाही आठवलं नाही, हे मी कबूल करते. ते माझं मलाच खातं आणि त्याचाही हिशेब मी हॅल्वरच्याच नावावर मांडते. मांडते तर मांडते.

तेव्हा पालिकेचा कारकून हॅल्वर होता. आणि कारकुनाला ठाऊक नव्हतं असंही नाही. आम्ही निघालो त्या दिवशी हाच माणूस धक्क्यावर उभा होता, आईची बॅग यानेच उचलून सीप्लेनमध्ये ठेवली होती. तरी फेब्रुवारीत याने यादी टंकली आणि फळ्यावर लावली. दारूचा गुत्तेवाला पीट आणि बायकोला टाकून पळालेला तो सुतार, यांच्या मधोमध माझी आई.

मार्चमध्ये आम्ही परत आलो. आईच्या डोक्याला रुमाल होता, पण मन खुशीत होतं. म्हणाली, मी माझं टपाल माझ्या पायांनी जाऊन आणते. गेली. आली ती थेट खिडकीपाशी. स्टूल घेतलं, खिडकीवरचा दाखला काढला, पाकिटात घातला आणि मला म्हणाली, हा पालिकेत देऊन ये. त्यानंतर ती चार वर्षं जगली. खिडकी पुन्हा उघडली नाही आणि पोस्टात ती पुन्हा कधी गेली नाही. लोक सांगायला यायचे, रॅग्नाबाई, अहो नियमाचा घोळ, तुम्हाला कोण चोर म्हणतंय? पण ज्याचं जळतं त्याला कळतं. ती मान हलवायची आणि विणकाम पुढे घ्यायची.

आई गेल्यावर चार वर्षांनी हॅल्वर निवृत्त झाला आणि त्या खुर्चीसाठी मी अर्ज केला. मासळीच्या कारखान्यात मला जास्त पगार होता. लोकांना वाटलं, मारिटचं डोकं फिरलं. मुळीच नाही. मला ती यादी माझ्या हातात हवी होती. पंधरा दिवस त्याने मला काम शिकवलं आणि पंधरा दिवस मी दात आवळून हो हो म्हटलं. अर्जाचा छापील नमुना त्याने स्वतः तयार केला होता, त्याचा त्याला केवढा अभिमान. कुठली चौकट कशासाठी, ओळ कुठे मोडायची, सगळं तोंडपाठ.

तो गेला आणि पहिल्याच तिमाहीला मी फोन उचलला. नियमात असं काही नाही. नियम म्हणतो, मुदत संपली की पंधरा तारखेला यादी लावा. पण मुदत आणि यादी यांच्यात चौदा दिवस असतात, आणि त्या चौदा दिवसांत मी ज्याचं ज्याचं आलं नाही त्याला त्याला फोन करायची. अरे बाबा, तुझं राहिलंय, ये आणि शून्य टाकून जा. अकरा वर्षं केले फोन. लोकांना इतकी सवय झाली की काहीजण मुद्दाम माझ्या फोनची वाट बघायचे. पर्ला बाउतिस्ता त्यातली पहिली. तिचं धक्क्याजवळ छोटं खाणावळीवजा दुकान आहे, तळलेले रोल आणि भात. ती मनिलाहून तीस वर्षांपूर्वी मासळी साफ करायला आली आणि इथलीच झाली. मी फोन केला की ती विचारायची, काय गं, माझं पुन्हा राहिलं ना? मग अर्धा तास तिच्या सुनेच्या कागाळ्या. कामाच्या त्या दिवसात तेवढाच मला हसायला वेळ. यादीवर आता एखादंच नाव असायचं, गाव सोडून गेलेल्या कोणाचं तरी. कधी कधी फक्त मथळा आणि खाली माझी सही.

पुण्य करते म्हणून मी हे केलं असं नाही. आईसाठी केलं. तिला कोणी केला नव्हता, तो फोन मी सगळ्या गावाला करत राहिले.

आणि मग त्या मे महिन्यात हॅल्वर आला. शहात्तर वर्षांचा, पाठ अजून ताठ. लाकडाच्या छोट्या मासेमारी होड्या कोरतो म्हणे, जहाजाने येणाऱ्या पर्यटकांना विकायच्या होत्या. त्याने अर्ज मागितला. मी दिला. त्याचाच नमुना तो. त्याने उभ्याउभ्याच भरला, चष्मासुद्धा लावला नाही. ‘हंगामी’ या चौकटीत फुली मारली आणि माझ्याकडे सरकवला.

इथे जरा नीट ऐका. हॅल्वरच्या काळात ज्याने ‘हंगामी’वर फुली मारली त्याला हिवाळ्यात विवरण द्यावं लागत नसे. आईची खिडकी बारमाही, म्हणून तिला ती सूट नव्हती. पण तीन वर्षांपूर्वी जहाजांसमोरच्या जवाहिऱ्यांनी ‘हंगामी’ म्हणवून हिवाळ्यातही विकत त्या सवलतीचा फायदा उठवायला सुरुवात केली, तेव्हा पालिकेच्या सभेने ती काढून टाकली. आता सगळ्यांना चारही तिमाह्या. फक्त अर्जाचे दोन हजार कोरे नमुने कपाटात पडून होते, ते फेकायचं सगळ्यांच्या जिवावर आलं. म्हणून पुढची बाजू जुनीच ठेवली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवा नियम छापून घेतला. गावचा कारभार हा असा. तेव्हापासून माझा शिरस्ता होता, कोणी त्या चौकटीत फुली मारली की मी लाल पेनने ती खोडायची आणि तोंडाने सांगायचं, हे आता चालत नाही, हिवाळ्यातही शून्य टाकायला यायचं. प्रत्येकाला सांगत आले होते.

हॅल्वरने कागद उलटून पाहिला नाही. स्वतःच बनवलेला कागद तो काय उलटून बघणार? लाल पेन माझ्या कोपरापाशी होतं. मी ते उचललं नाही.

“झालं?” त्याने विचारलं.

“झालं,” मी म्हटलं. “मागे नियम छापलेत.”

“ते मला सांगतेस?” तो हसून म्हणाला, आणि दाखला घडी न करता, जपून, दोन्ही हातांत धरून घेऊन गेला. त्या दिवशी घरी येऊन मी सहा वाफल केले आणि एकटीने खाल्ले. तुम्हाला सांगते, इतकं बरं मला आईच्या जाण्यापासून कधी वाटलं नव्हतं.

उन्हाळाभर त्याने होड्या विकल्या. जुलैत आला, विवरण देऊन गेला. ऑक्टोबरात आला, देऊन गेला. जहाजं गेली, त्याने टपरीला फळ्या ठोकल्या. जानेवारीची मुदत आली आणि गेली. हॅल्वरचा कागद आला नाही.

फेब्रुवारीच्या एक तारखेला माझ्यासमोर चार नावं होती. तिघांना मी त्याच दिवशी फोन लावले. पर्लाला सर्वांत आधी. तिने सुनेबद्दल चाळीस मिनिटं घेतली. चौथं नाव तसंच ठेवलं. रोज सकाळी येऊन ते बघायचं, जागेवर आहे ना, आणि कॉफी घ्यायची. हात शिवशिवत नव्हते असं म्हणणार नाही. अकरा वर्षांची सवय. एकदा तर मी त्याच्या नंबरचे सातांपैकी सहा आकडे दाबून बसले होते, मग माझ्याच मनगटावर चापट मारली.

नऊ तारखेला तो मला किराणा दुकानात भेटला. अंडी निवडत होता, एकेक उचलून कानाशी हलवून बघत होता. मला म्हणाला, यंदा बर्फ फार, छपराची काळजी घे. माझ्या घराच्या पाठच्या बाजूला पन्हळ लोंबतेय तेही त्याने पाहिलं होतं. म्हणाला, शिडी आहे माझ्याकडे, पाठवू का? चार शब्दांचं काम होतं. हॅल्वर, तुमचं शून्य राहिलंय. आजूबाजूला कोणी नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की याच हातांनी आईची बॅग उचलली आणि याच हातांनी तिचं नाव टंकलं. मी म्हटलं, पन्हळीचं मी बघून घेईन. आणि तांदूळ घेऊन बाहेर पडले.

पंधरा तारखेला यादी लावली. मथळा, तारीख आणि खाली एकच नाव. हॅल्वर लोकेन, हिवाळी तिमाही, विवरण नाही. आईला निदान आजूबाजूला सोबत होती. याला मी एकटा ठेवला. चारही कोपऱ्यांना टाचण्या मारल्या आणि समोरच्या बाकावर, उणे तापमानात, दहा मिनिटं बसून राहिले. काय सांगू. पोट भरल्यासारखं वाटलं.

दुपारपर्यंत गावभर झालं. दोन वाजता तो खिडकीशी आला. टोपीवर बर्फ तसाच होता. त्याने खिशातून घडी घातलेलं विवरण काढलं, सगळ्या रकान्यांत शून्य. दंडाचा धनादेश सोबत. मी शिक्का मारला. मला वाटलं होतं तो ओरडेल, निदान लाल होईल. तो टोपी काढून उभा राहिला.

“मागची बाजू मी वाचली नाही,” तो म्हणाला. “चूक माझी.”

“होय, तुमचीच.”

“पण फुली तू खोडली नाहीस. मी आत्ता चौघांना विचारलं. सगळ्यांची खोडतेस. आणि फोनही सगळ्यांना करतेस.”

“माझ्या आईला कोणी केला होता?” माझा आवाज चढला. आतल्या खोलीत महापौरबाई होत्या, होऊ दे म्हटलं. “तिची बॅग तुम्ही विमानात ठेवलीत. ती कुठे चाललीय, कशाला चाललीय, सगळं ठाऊक होतं तुम्हाला.”

“होतं,” तो म्हणाला.

मी थांबले. पुढे काहीतरी येईल, माफी, नाहीतर नियमाचं तुणतुणं, म्हणून मी थांबले.

“मी कोणालाच फोन करत नव्हतो, मारिट. माझ्या सख्ख्या भावाचं नाव मी दोनदा लावलंय. रॅग्नाचं लावताना मला बरं वाटलं नाही, पण लावलं, कारण सगळ्यांचं लावत होतो. वाईट पद्धत होती. तू बदललीस ते चांगलं केलंस, मी लोकांना तसं सांगायचो.” त्याने टोपी डोक्यावर घातली. “पण मी रॅग्नाला निवडून काढलं नव्हतं. तू मला निवडलंस.”

आणि गेला. दार हळू लावून गेला, हेही मला आवडलं नाही.

मी मनात म्हटलं, बोल बाबा, बोल, चोराच्या उलट्या बोंबा. बॅग उचलताना डोळे होते ना? एवढी माणुसकी पुरे होती, पद्धत कशाला हवी? ही माझी बाजू आजही आहे आणि ती मी सोडणार नाही. कोणी मला म्हणेल मारिट, तुझं चुकलं, तर मी त्याला आईचा तो रुमाल दाखवीन. एक मात्र झालं. मला वाटलं होतं, फळ्याकडे बघून गाव हॅल्वरबद्दल बोलेल. गाव माझ्याबद्दल बोलायला लागलं.

तोंडावर कोणी काही म्हटलं नाही. आमच्याकडे म्हणत नाहीत. पण मार्च संपला आणि एप्रिलच्या एक तारखेला सकाळी आठला, मी कुलूप काढत होते, तर पायरीवर पाच माणसं. जन्मात मुदतीआधी न आलेली. बोटीचं सामान विकणारा, न्हावी, शिंप्याची बायको, सगळे हातात विवरण घेऊन. आतही कोणी गप्पा मारेना. शिंप्याच्या बायकोने कागद दिला आणि विचारलं, सगळं बरोबर आहे ना, एकदा बघून सांगता का? मला ती आयुष्यभर मारिट म्हणत आली होती. त्या दिवशी ट्वेटबाई म्हणाली.

दहा तारखेपर्यंत गावातल्या एकशे चाळीस दाखल्यांपैकी एकशे एकोणचाळीस विवरणं आली. महापौरबाई खूश. सभेत सांगितलं, पालिकेच्या इतिहासात असं झालं नाही, मारिटने शिस्त लावली. टाळ्या पडल्या. हॅल्वर मागच्या रांगेत बसला होता, त्यानेही वाजवल्या.

राहिलेलं एक पर्लाचं होतं. मनातून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. म्हटलं, ही एक तरी आपली आहे. ही महिना संपू देईल, मग मी फोन करीन, मग ती म्हणेल, काय गं, पुन्हा राहिलं ना? मी तिच्यासाठी विनोदसुद्धा ठरवून ठेवला होता.

ती बारा तारखेला आली. अंगावर दुकानाचा एप्रन, हाताला तळणाचा वास. विवरण खिडकीतून सरकवलं.

“अगं, अठरा दिवस आहेत अजून,” मी म्हटलं. “तुला कोणी सांगितलं एवढी घाई करायला?”

“असू दे,” ती म्हणाली. “पोच दे.”

“पोच कशाला? मी आहे ना.”

तिने हात तसाच पुढे ठेवला. मी पोच लिहिली, शिक्का मारला, सही केली. तिने ती पूर्ण वाचली, ओठ हलवत, तारीखसुद्धा. सुनेचं विचारलं तर म्हणाली, बरी आहे, आणि निघाली.

त्या तिमाहीच्या यादीवर एकही नाव नव्हतं, आणि फोन करायला माझ्यासमोर एकही माणूस नव्हता. मुदतीनंतरचे ते चौदा दिवस मी नुसती बसून काढले. तिसऱ्या की चौथ्या दुपारी मला राहवेना. काम काही नव्हतं. सुनेच्या कागाळ्या ऐकाव्या, हसावं, एवढंच. मी पर्लाचा नंबर फिरवला.

मागे तळणीचा आवाज होता. मी म्हटलं, पर्ला, मी मारिट. तळणीचा आवाज बंद झाला. तिने चूल बंद केली असावी.

“पोच आहे माझ्याकडे,” ती म्हणाली. “काय चुकलं माझं?”